झाड क्रमांक ४१७

सकाळी सातला न्याकाना निघतात,
गमबूट, कोयता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही.
मी मागून, कंपालाहून नवी आलेली,
त्यांनी दिलेलं लाडाचं नाव घेऊन: अपूली.
विद्यापीठात मला कुणी अशी हाक मारत नाही.

रानअंजिराखाली जाळी ताणलेली.
पडलेली फळं मोजायची, माकडांनी चावलेली वेगळी.
सव्वीस वर्षं हेच.
मलेरिया, पूल वाहून गेला तो आठवडा, मुलीचं लग्न,
वहीत मात्र फक्त आकडे.
प्रबंधांच्या शेवटच्या पानावर आभार: 'स्थानिक कर्मचारी'.

मंगळवारी ४१७ आडवं.
मुळांना अजून ओली माती, जाळी खाली कुठेतरी.
त्यांनी वाकून रकान्यात शून्य लिहिलं.
शून्य नको, मी म्हटलं.
शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं;
इथे मोजायला झाडच नाही. रेघ मारा.
'मी तर मोजलं,' ते म्हणाले.
मग रेघ मारली. माझ्या समाधानासाठी असेल.

रात्री जनरेटर बंद व्हायच्या आत
मी पानं संगणकात चढवते.
बुधवार. ४१६: एकोणीस.
४१८: सात.
आणि मधल्या ओळीत, त्यांच्या तिरप्या अक्षरात,
ओमुसाना.

ऊन.

संगणक आकडा मागतो.
जाळीच्या दाराला पतंग धडकतायत,
स्वयंपाकघरात कुणीतरी उद्याची केळी सोलतंय,
सालं बादलीत पडल्याचा आवाज येतो.
तो पुन्हा आकडा मागतो.