डावलून

पहिली घंटी वाजली ती मला बहिणीच्या घरची वाटली.
कानात बोंडं होती, ती लांज्याहून
जमिनीच्या मोजणीचं सांगत होती,
शेजाऱ्यानं गडगा कसा हातभर आत घेतला ते.
दुसरी वाजली तेव्हा दचकलो
आणि डावीकडे सरलो.

रास अल खैमा. खाडीकाठचा लाल पट्टा.
मगरिबची अजान नुकतीच पाण्यावरून ओसरलेली,
तिवरांच्या कडेला फ्लेमिंगो एका पायावर,
आणि मागून येणाऱ्या मोफज्जलला वाटलं
हा माणूस आहे तिथेच, उजव्या बाजूला राहील.
इथे सगळे राहतात.

तो पडला. सायकल त्याच्यावर,
आणि टोपलीतल्या खुबूसच्या पिशव्या
पट्टाभर पसरल्या,
वाफेनं आतून धुरकट झालेल्या.

‘बेल मारा था, साब,’ एवढंच म्हणाला.
तक्रार नव्हती. नोंद होती.

एकोणीस वर्षं मी या देशात गाडी उजवीकडून हाकतोय,
सिमेंटच्या ट्रकांमधून, पहाटेच्या धुक्यातून,
एकदाही चुकलो नाही.
पण ते हातांचं शिक्षण.
पायांना कुणी कळवलंच नव्हतं.
पाय अजून लांज्याच्या रस्त्यावर होते,
मागून एसटी आली
की डाव्या गटारापर्यंत अंग चोरणारे.

पिशव्या गोळा करताना खाली पाहिलं.
पट्ट्यावर एक माणूस रंगवलेला आहे
आणि पलीकडे एक सायकल.
मी रोज सायकलीवरून चालत होतो.
तिथलं रबर गुडघ्यांना मऊ लागतं म्हणून.
शेजाऱ्याच्या गडग्याबद्दल
मी बहिणीला पुढे फारसं बोललो नाही.

आता एकच बोंड घालतो, उजव्या कानात.
डावा कान मोकळा, येणाऱ्यांसाठी.
त्यात काय काय येतं:
रोवेनाच्या कुत्र्याच्या नख्या,
मी दिसलो की ती दोरी हाताला गुंडाळून घेते;
म्हाताऱ्या हुमैदची चाकाची खुर्ची,
ढकलणारा नातू फोनमध्ये,
आणि नातवाच्या वतीनं ‘तरीग, तरीग’
म्हणत येणारे स्वतः हुमैद;
दिवा न लावता सुसाटणारी स्कूटरवरची पोरं,
ती कानात येईपर्यंत पुढे गेलेली असतात,
त्यांना शिवी मात्र मराठीतच देतो.

आणि पावणेसातला मोफज्जल.
तो आता लांबूनच वाजवतो,
तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी, एकदाच,
दार वाजवावं तसं.
मी मागे न बघता उजवा हात वर करतो.
तो डावीकडून जातो,
मध्ये एक हात अंतर राखून,
त्या अंतरात गरम भाकरीचा वास राहतो.

डावलणं.
आमच्याकडे हा शब्द दुखवून जातो.
बढतीत डावललं, लग्नाच्या आमंत्रणात डावललं.
इथे रोज संध्याकाळी चाळीस माणसं मला डावलून जातात
आणि अर्ध्याअधिक जण जाताना मान हलवतात.

मोफज्जलचा कोपर महिनाभर दुखत होता.
हे त्यानं मला सांगितलं नाही,
बेकरीवाल्यानं सांगितलं.

मे महिन्यात लांज्याला गेलो.
मोजणी झाली होती, गडगा होता तिथेच होता.
संध्याकाळी भाजी आणायला निघालो,
मागून हॉर्न वाजला
आणि पाय, शिकलेले, शहाणे,
क्षणात उजवीकडे सरले.

पुतण्यानं ब्रेक दाबला तो माझ्या पिशवीला टेकून.
‘काका! आहात कुठे?’

उत्तर द्यायला तोंड उघडलं,
तर मागून दुसरा हॉर्न.