आधी फिल्टर

नळ्यांचा फोटो आज नाही, म्हणाल्या डॉक्टरीण बाई.
मी तर दिवस मोजून आले होते,
पाळी सरून तिसरा दिवस,
देवर्जनहून पहिली एसटी,
पिशवीत धुतलेलं लुगडं, घडी घालून.

अंगावरून जातंय का?
जातं थोडं. बायकांचं जातंच की.
सात वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
विचारायचे ते एवढंच : कामून नाही अजून?

कापसाची काडी, काचेची नळी,
नळीवर माझं नाव, 'शिवलिला'.
लीलेची वेलांटी चुकली होती.
मी काही बोलले नाही.

दैवशाला सिस्टर बाकावर येऊन टेकली.
रानात ठिबक आहे का गं?
नळी चोंदली का बघायला पाणी जोरात सोडता,
पण आधी फिल्टर धुता. कामून?
नाहीतर गाळ पार शेवटच्या भोकापर्यंत जातो, मी म्हटलं.
हां. तसंच हे.
औषध वर ढकलायचं तर खालचं आधी निर्मळ पाहिजे.
आत पू झाला की चांगली नळीही चिकटते.
दार उघडं आहे का बघायला जावं
आन् आपणच कडी लावून यावं, असं नको.

आठवड्यानं रिपोर्ट आला. एकच शब्द, इंग्रजी.
गोळ्या दोघांना. तोवर निजायचं वेगळं.

दोघांना.
उदगीर ते देवर्जन
हा शब्द मी मांडीवर घेऊन बसले.

मालक डाळमिलमधून आले,
भुवयांवर तुरीची पिवळी धूळ.
मला काय झालंय?
काही वाटत नाही, तरी असतं म्हणे.
कुणाकडून कुणाला, हे चिठ्ठीत नव्हतं.
मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.
त्या रात्री तो प्रश्न आमच्या मधोमध झोपला
अन् घोरला नाही, एवढंच.

सात दिवस, दोन वेळा, जेवल्यावर. दुधासोबत नको.
तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या,
दूध कामून ठेवलास रे?
पोट जड आहे, म्हणाले ते,
भिंतीकडं तोंड करून गोळी गिळली
आणि रिकामं पाकीट
आरशामागं माझ्या पाकिटाला लावून ठेवलं.
ते दोन चुरगळलेले कागद
मी कितीदा तरी बघून आले.

पुढची पाळी सरली.
पुन्हा तीच एसटी, तेच लुगडं.
पिशवी ह्यावेळी त्यांच्या हातात.
टेबल गार होतं. दैवशालानं घोटा धरला.
भिऊ नको, म्हणाली.

सोडा पाणी, मी म्हटलं.