धुलाईयंत्राचे पैसे

१९८६. चौदा हजार फ्रँक.
माझ्या खतावणीत शाईनं लिहिलेत, खाडाखोड नाही.
धुलाईयंत्रासाठी साठवलेले,
आणि ओदिलों घरी आला तो
काखेत पुठ्ठा घेऊन.
आत कॉमिकचं एक पान, चित्रकाराच्या हातचं, अस्सल:
कालव्यावरचा नावाडी, त्याचं काणं बदक.

"गुंतवणूक आहे," म्हणाला.
नवरे हा शब्द उच्चारतात तेव्हा
त्यांच्या डोळ्यांत व्याजदर नसतो,
नऊ वर्षांचं पोरगं असतं
बुधवारी दुपारी पोटावर पडून साप्ताहिक वाचणारं.

मी वर्षभर चादरी हातानं पिळल्या.

अडतीस वर्षं ते पान जिन्यात होतं.
मार्चात तो गेला.
मी ते ब्रसेल्सला नेलं, साबलोंच्या चौकात, टीबोकडे.
टीबो हातात पांढरे मोजे घालतो
आणि दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलतो:
"नायक पाठमोरा आहे, मादाम.
चेहरा असता तर तिप्पट.
मुखपृष्ठ असतं, तर मीच तुमच्या घरी आलो असतो."

मग त्यानं खरं सांगितलं,
पोराचं मला तेवढंच आवडलं.
ज्यांनी ही साप्ताहिकं लहानपणी वाचली
ते आता सत्तरीचे.
त्यांनी आठवणी विकत घेतल्या,
त्यांची मुलं त्याच विकायला रांगेत उभी आहेत,
आणि घेणारा कोण?
मोठी नावं चढतील. तुमचा चित्रकार दुसऱ्या फळीतला.
दुसऱ्या फळीवरचं प्रेम, मादाम,
प्रेम करणाऱ्यांबरोबरच म्हातारं होतं.

मी हिशेबनीस. बेचाळीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात
जमा-नावे केलं.
नामूरला परतताना गाडीतच मांडून पाहिलं.
चौदा हजार फ्रँक म्हणजे तीनशे सत्तेचाळीस युरो.
सरकारी रोख्यात, पाच टक्क्यांनी,
आज बावीसशेच्या वर.
टीबोचा अंदाज अडीच हजार,
त्यातले त्याचे वीस टक्के, विमा,
एकदा बदललेली काच.
आतबट्ट्याचा व्यवहार.
चादरी कुठल्या खात्यात घालायच्या, ते ठरेना.

तरी लिलावाला दिलं. लॉट दोनशे अकरा.
दोनशे दहाला सहा हात वर होते.
दोनशे अकराला एक माणूस खोकला.
त्याच्याकडे सगळ्यांनी आशेनं पाहिलं.
नुसताच खोकला.

परत आणलं, टॉवेलात गुंडाळून.
स्वयंपाकघरात, चौकटीबाहेर काढून,
पहिल्यांदाच नीट पाहिलं.
निळ्या पेन्सिलीच्या रेघा. कपाच्या बुडाचा डाग.
बदकाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा थर,
आणि दिव्यापाशी तिरकं धरलं तर
थराखाली दुसरा डोळा.
चुकून काढला. आठवल्यावर झाकला.
माझ्या वहीत चाललं नसतं.
ओदिलोंला ठाऊक होतं का?
कधी म्हणाला नाही.
म्हणाला असता कसा,
त्या पानाबद्दल मी त्याच्याशी
रागाशिवाय कधी बोललेच नाही.

नात विचारते, आजी, घ्यावं का असलं काही?
एलोडीला एक जपानी पान मिळतंय, पगार साठलाय थोडा.
मी म्हटलं, व्याज हवं तर कोपऱ्यावर बँक आहे.
हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं,
असतं, फक्त ते दुसऱ्याच्या हातांनी भरलं जातं.
घ्यायचंच तर पैसे गेले असं धर,
आणि ज्याला चादरी पिळायला लागतील
त्याला आधी विचार.

पान आता धुलाईयंत्राच्या वर लावलंय.
हे तिसरं यंत्र. आधीची दोन भंगारात गेली,
त्यांना कुणी परतावा विचारला नाही.
टीबो म्हणेल, ओल, मादाम, वाफ, कागद पिवळा पडेल.
पडू दे थोडा.
यंत्र पिळायला लागलं की चौकट थरथरते
आणि नावाडी, पाठमोराच, जरासा पुढे सरकतो.
शनिवारी चादरी असतात, तेव्हा जास्त.