उबेला आल्यावर

पाचगणीला डिसेंबरात हिला सकाळी जाग येत नसे.
मलाही. दोघींना किटलीभर कढत पाणी लागे,
हिला रेडिएटरमध्ये, मला गुडघ्यांवर.
हँडल मारून मनगट दुखलं की
वसतिगृहातल्या सातवीच्या पोरी धावत यायच्या,
मफलर सावरत धक्का मारायच्या.
ही खोकायची, शिंकायची, मग उतारावर एकदम सुरू.
मागे टाळ्या.
मी वळून न बघता एकच हॉर्न द्यायचे.
शिस्त म्हणजे शिस्त.

चोपन्न सालची मॉरिस मायनर, माझ्याहून तीन वर्षांनी थोरली.
मिस दारूवाला निवृत्त झाल्या तेव्हा
किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या,
तिसऱ्या गिअरला ओरडू नकोस हं,
ती ऐकत नाही, फक्त रुसते.

डॉक्टर म्हणाले, बाई, आता उबेला जा.
छत्तीस वर्षं भूगोल शिकवला.
किनारा तर डोळे मिटून फळ्यावर काढते मी.
वेंगुर्ल्यावर बोट ठेवलं.
हवामान उष्ण, दमट, सम.
दमट या शब्दापाशी
मी वर्गात कधी थांबले नव्हते.

आंबेनळीचा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो.
पोलादपूरला स्वेटर काढला, कणकवलीला मोजे.
उभादांड्याला माडांखालच्या मांगरात हिला उभी केली
आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या हँडलात,
खरंच अर्ध्या,
ही सुरू झाली.
टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.
मीच वाजवल्या. एक कोंबडी पळाली.

गणपती झाले आणि दाराखाली
मसुरीएवढा तांबडा ठिपका दिसला.
पदराने पुसला. पुसून जाण्यातला नव्हता.
आधी बेट, मग द्वीपसमूह,
दिवाळीपर्यंत मडगार्डवर एक आख्खा खंड.

बंदरावर इनास फर्नांडिस ट्रॉलरची इंजिनं खोलतो.
त्याने नखाने पापुद्रा उचलला, हुंगला, म्हणाला,
"बाई, हयसर लोखंड पिकता, आंब्यासारख्या."
मग म्हणाला, "मोरीचा त्याल लाव,
होडयेक लावतत तसा."
आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा.
माझा चेहरा बघून त्याने
दोन्ही हात पसरून मासा दाखवला.

आता दर अमावस्येला मी पालथी पडून
हिच्या पोटाला माशाचं तेल चोपडते.
हो, पालथी. गुडघे वळतात आता.
बाजारात शिरलो की मागे सात मांजरं,
आणि मासे विकणाऱ्या बायका
वळून न बघता म्हणतात,
"बाई इली, वासान कळला."

कोल्हापूरहून एका संग्राहकाचा फोन असतो.
कोरडी शेड, काचेचं दार, हिच्यासारख्या अकरा जणी.
म्हणतो, तिथे तिला काही होणार नाही.
मला तेच वाक्य खुपतं.
सांगते, कळवते.
माझ्या गुडघ्यांत येणारी ऊब
हिच्या पत्र्यातून वजा होते आहे,
हे गणित मला दिसतं. सोडवता येत नाही.
परत जावं, तर मध्ये घाट आहे,
आणि चढ आता दोघींनाही नको.

गेल्या आठवड्यात हिचा डावा हात अडकला.
जुन्या गाड्यांना दिवे नसत वळणाचे,
दाराच्या खांबातून पिवळा हात बाहेर यायचा.
तो आला तो आत जाईना. खारं वारं, बिजागरी.
इनास म्हणाला, मोडून टाकू?
नको म्हटलं.

वर्गात सुहासिनी परुळेकर अशीच बसायची,
प्रश्न विचारायच्या आधीच हात वर,
उत्तर माहीत असो नसो.

मोचेमाडहून परतताना
समुद्र पूर्ण वेळ डावीकडे असतो.
मागचे लोक हॉर्न देतात, वळा तरी एकदाच्या.
आम्ही सरळ जातो,
तीसच्या वेगाने, हात बाहेर.