पुढचा गळा

दांडिया बाजारातल्या बायका माप द्यायला येतात
तेव्हा आधी छाती, मग कंबर,
गळा सगळ्यात शेवटी.
माझंही त्याच क्रमानं झालं.

डावी बाजू सात वर्षांपूर्वी गेली.
तेव्हापासून माझ्या ब्लाउजला मीच आतून कापूस भरते.
टाका दिसत नाही. फणसेबाई म्हणाल्या,
कळतच नाही गं.
शिवणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नाही.

या भाद्रपदात घास अडकायला लागला.
बावीस चणियाचोळ्या खुंटीवर, आरसे लावायचे बाकी,
नवरात्र बारा दिवसांवर.
डॉक्टर शेलतांनी गळ्यावर दोन बोटं ठेवली,
गिळा म्हणाले.
मी गिळलं, गाठ वर गेली, खाली आली,
पुन्हा गिळलं, पुन्हा तसंच.
मग सुई. किती नंबरची, विचारणार होते.
विचारलं नाही.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं:
थायरॉइड, फुलपाखरासारखी असते म्हणे.
मला शर्टाची कॉलर दिसली,
एक टोक फुगलेलं,
आत हलकं कॅनव्हास घातलं की होतं तसं.

बेन, आ गळानुं नथी, ते म्हणाले,
छातीनुं ज छे.
रंग लावून पेशी बघितल्या होत्या.
सात वर्षं, एवढा प्रवास,
आणि त्यांनी आपलं गाव सोडलं नव्हतं.

आम्ही पाच पिढ्या बडोद्यात.
आमटीत गूळ जरा जास्तच पडतो,
हिशोब मी गुजरातीत करते, शिव्याही.
तरी कुणी पत्ता विचारला
की पानवाला सांगतो, पेलां दक्षिणी बेन.
मग त्या पेशींना
मी कुठल्या तोंडानं बोलू?

घरी सांगितलेलं नाही.
रात्री मशीन थांबलं तरच ह्यांना जाग येते,
म्हणून थांबवत नाही.

संध्याकाळी हेत्वी ट्रायलला आली.
मागचा गळा अजून दोन इंच उतरवा ना, मासी.
उतरवला. खडूनं खूण केली
त्या कोवळ्या, घामेजल्या पाठीवर.
ती गिरकी घेऊन आरशात बघत राहिली, मी पण.

ती गेल्यावर वही काढली.
माझं पान मागे, फार मागे.
छाती खोडून पुन्हा लिहिलेली.
गळा कधी घेतलाच नव्हता,
आपला आपल्याला अंदाज असतो.
टेप गळ्याभोवती फिरवली, एक बोट आत ठेवून,
गिऱ्हाइकाला ठेवतो तसं.
साडेचौदा.
पेन्सिलीनं लिहिलं.