खूणगाठ

सडबरीत फेब्रुवारी. बाहेर उणे अठ्ठावीस.
तळघरात, भट्टीच्या शेजारी,
पापांनी प्लायवूडचं गेमचं कपाट उभं केलंय.
गेल्या हिवाळ्यापासून नुसतं पॉलिशच चाललंय त्याचं.
जुना मॉनिटर, दोन जॉयस्टिक, बारा बटणं,
आणि आता कडेनं दिवे हवेत म्हणे.
"दिव्यांशिवाय फ्रीज वाटतो फ्रीज."

पट्टी मी मागवली. पाच मीटर.
उलगडून ठेवावी तर परत मिटत होती,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखी.
तिला तीन तारा : लाल, हिरवी, पांढरी.
लाल म्हणजे पाच व्होल्ट, पांढरी ग्राउंड,
हिरवीतून जातो निरोप.
कंट्रोलरनं वाढलेलं पहिला दिवा आपल्यापुरतं घेतो,
उरलेलं पुढच्याच्या पानाकडे सरकवतो,
अशी पंगत शेवटच्या दिव्यापर्यंत.
मधला एक जरी रुसून उठला
तर त्याच्यापुढचे सगळे अंधारात.

"यातली लाल कुठली गं? चष्मा वर राहिला."
चष्मा त्यांच्या नाकावर होता.
मी दाखवली. त्यांनी तिला एक गाठ मारली
आणि मगच सोल्डर तापायला ठेवलं.

त्या गाठी माझ्या ओळखीच्या.
गाडीच्या जंपर केबलला असायची.
माझ्या टोपीच्या नाडीला असायची, लाल टोपी,
गाएताँच्या हिरव्या टोपीला नाही.
शाळेत असताना वाटायचं
मी लाडकी, म्हणून.

निकेलच्या खाणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन.
हात अजून थरथरत नाही.
राळेचा धूर वर गेला, तीन थेंब चमकून गोठले,
एकही सांधा सैल नाही.

मी कोड चढवला.
पहिला खेळाडू लाल, दुसरा हिरवा.
पेटलं ते उलटं :
या चिपा हिरव्याचा आकडा आधी वाचतात
आणि लालचा मागून, मी विसरले होते.
"पापा, उलटं आलं."
ते बघत राहिले. डावीकडे. उजवीकडे.
मग माझ्या तोंडाकडे.
"कुठं उलटं?"

भट्टी धडधडून सुरू झाली.
उजेडाला गाठ मारता येत नाही.

"ठिपक्यांचं पुस्तक असतं," ते म्हणाले, खूप वेळानं,
"भरतीच्या दिवशी दाखवतात. ठिपक्यांत आकडे लपवलेले.
ओविद त्रेपानिए रांगेत माझ्या पुढे होता.
बाहेर येऊन त्यानं सगळे सांगितले, ओळीनं.
मी पाठ केले. नाहीतर तुम्ही दोघं..."
आणि वाक्य तिथंच टाकून
खाली पडलेला स्क्रू शोधायला लागले,
जो पडला नव्हता.
"खाली तारांवर नंबर असतात. जागा पाठ होतात.
एकदाही चुकलो नाही मी."
टेबलाखालून आवाज आला :
"एकदा. कुणाला लागलं नाही."

आईला माहीत होतं का, हे विचारायचं राहिलं.

ते झोपल्यावर मी एक ओळ बदलली,
रंगांचा क्रम सरळ केला.
मग दुसरी ओळ, जी बदलायची गरज नव्हती :
दुसऱ्या खेळाडूचा हिरवा काढून निळा.

सकाळी कॉफी घेऊन ते खाली आले,
बटण दाबलं, आणि हललेच नाहीत.
एक बाजू. दुसरी बाजू. परत पहिली.
"हिरवा होता ना इथं?"
"निळा बरा दिसतो."
"हं."
मग सलग तीन डाव मला हरवलं
आणि चौथ्यात बटण अडकतंय म्हणून कुरकुर केली.

दुपारी निघाले. इंजिन गोठू नये म्हणून
माझी गाडी रात्रभर प्लगला लावलेली.
वायर बर्फात कडक झालेली, काढायला वाकले तर
टोकाजवळ एक गाठ.

तिथं वायर एकच होती.
चुकायला दुसरी नव्हतीच.