पल्पर नंबर दोन

मशीन बंद पडलं की मला जाग येते.
चालू असताना कितीही धडधडो,
क्वार्टरच्या फळीवरची भांडी एकमेकांना लागोत,
झोप लागते.
थांबलं, की डोळे टक्क.

दोन वाजून दहा.
मिरजोळ्याच्या माळावर मे महिना नुसता उभा,
वाऱ्याचा पत्ता नाही.
शेडमध्ये अकराशे क्रेट हापूस,
आणि हापूस कुणासाठी थांबत नाही.
उद्या दुपारी त्याच्या देठाशी
तो दुसरा वास सुरू होईल,
जो डब्यात भरता येत नाही.

गोताड विचारतो, किती वेळ, मॅडम?
मी म्हणते, अर्धा तास.
मेंटेनन्समध्ये कुठल्याही कामाला अर्धा तासच लागतो,
हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले.

कपलिंग सोडलं. शाफ्ट हाताने फिरवला.
कुठेतरी खर्र.
बेअरिंगं दोन. अलीकडचं की पलीकडचं?
चुकीचं उघडलं तर सकाळ हातची गेली.

परकारचाचांना फोन लावला.
रिटायर होऊन दीड वर्ष, मुक्काम राजिवडा,
डावा कान बत्तीस वर्षं कंप्रेसरला दिलेला,
उजवा अर्धाच घरी नेलेला.
मी फोन हाऊसिंगला धरला.
"फोनात काय ऐकाला येनार गो?
लांबवाला स्क्रू-ड्रायव्हर घे.
टोक त्याला, मूठ दातात.
नि दोन्ही कान बंद कर."

पिवळी मूठ.
तिच्यावर आधीपासूनच कुणाचे तरी दात उमटलेले.
त्यांच्यावर मी माझे ठेवले.
कानांत बोटं. गोताड शाफ्ट फिरवतोय.
अलीकडे: गुळगुळीत, लांबून भरती यावी तसं.
पलीकडे: दाढेखाली वाळू,
तिसऱ्या खाताना येते तशी,
एकच कण, पण पक्का.

पलीकडचं उघडलं. गंज.
समुद्र इथून सात किलोमीटर.
पण तो हवेतून येतो,
सीलच्या आत शिरतो
आणि कूळ लागल्यासारखा बसतो,
उठवायला गेलं तर कायदा त्याच्याच बाजूने.

नवं बेअरिंग स्टोअरमध्ये सापडलं,
हे खरं तर वेगळ्या रजिस्टरात लिहायला हवं.
हीटर मात्र फेब्रुवारीपासून दुरुस्तीला.
थंड बेअरिंग शाफ्टवर चढत नाही,
ठोकून चढवलं तर पहिल्या दिवसापासून अधू.
म्हणून कँटीन.
रहाटेवहिनींची कढई, उद्याच्या वड्यांचं तेल.

"माझ्या तेलात लोखंड?"
"एकशे दहा डिग्री हवंय, वहिनी."
"ते किती? पुरी का वडा?"
"वडा सोडायच्या बरंच आधी."
त्यांनी पिठाचा थेंब टाकला,
तो तळाशी बसून रुसला, मग हळूच उठला.
"घे आता," म्हणाल्या.

चिमट्यात धरून मी पळाले.
चारेक सेकंद मिळतात, त्यापुढे ते कुणाचं ऐकत नाही.
शाफ्टला टेकवलं
आणि सुळकन गेलं,
जणू तिथेच राहायला होतं.

पाच चाळीस. चालू.
पल्पर क्र. २. बेअरिंग निकामी. बदलले. कारण: गंज.
सही.
अर्ध्या तासाचे साडेतीन तास झाले,
गोताड काही बोलला नाही,
पहिला क्रेट उचलून ओतायला गेला.

वहिनींनी ते तेल बाटलीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली:
बेरिंगचं. वडे तळू नयेत.

मग फोन.
"चालू झाला काय?"
"झालं, चाचा. तुम्ही झोपलाच नाहीत?"
"ऐकव."
"फोनात ऐकू येत नाही म्हणालात ना?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही,
खाडीत कुणाचं तरी इंजिन
दोनदा खोकून लागलं.

"तरी ऐकव."